‘मा’ म्हणजे माया

माया हा शब्द शिंप्याच्या तोंडी वेगळा असतो. शिवणीच्या आत, बाहेरून दिसणार नाही असं, बोटभर जास्तीचं कापड सोडतात. त्याला माया म्हणतात. माणूस पुढे अंगाने भरला तर उसवून कपडा सैल करता यावा, म्हणून ती ठेवायची. माया न ठेवता बेतलेला कोट पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि दुसऱ्या वर्षी काखेत टरकतो. हे ज्याच्या हाताला कळलं तो खरा कटर. बाकीचे नुसते कात्री चालवणारे.

ही गोष्ट अशाच एका कटरची आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तो तीस वर्षं कापड बेतत होता. वीस बायका मशीनवर शिवायच्या आणि तो एकटा अठरा हात लांबीच्या टेबलाशी उभा राहून कापायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. दवाखान्यातले कोट, पहारेकऱ्यांच्या विजारी, बसवाल्यांचे खाकी सदरे, गावभर हिंडणाऱ्या निम्म्या अंगांवरून मास्तरची कात्री फिरलेली होती. रस्त्याने जाताना तो समोरच्या माणसाचा चेहरा बघायच्या आधी त्याचा खिसा बघायचा. खिसा ओळखीचा निघायचा, माणूस अनोळखीच राहायचा. तोही मास्तरला ओळखायचा नाही. कापणाऱ्याला कोण ओळखतं? शिवणाऱ्याची निदान टीप तरी दिसते.

मास्तरने लग्न केलं नाही. का केलं नाही, याची कारणं त्याच्या ताईकडे चिक्कार होती, त्याच्याकडे एकही नव्हतं. दोन खोल्या, एक खाट, भिंतीला टेकलेला पाट्यांचा गठ्ठा. पाट्या म्हणजे कापड बेतायला वापरतात ते जाड कागदी साचे. आणि खाटेच्या उशाशी एक गिटार.

गिटार आलं ते चष्म्याच्या दुकानातून. चव्वेचाळिसाव्या वर्षी मास्तरला खडूची एक रेघ दोन दिसायला लागली, तेव्हा तो डोळे तपासायला गेला. दुकानाच्या मागच्या खोलीत पियानो होता. दुकानाचा मालक, ज्याला सगळं गाव चष्मेवाले म्हणायचं, गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत असताना मागे जाऊन दोन ओळी वाजवून येत असे.

“खालची ओळ वाच,” चष्मेवाले म्हणाले.

“ती नाही दिसत,” मास्तर म्हणाला. “पण तुम्ही आत्ता जे वाजवलंत, त्याचा शेवट राहिलाय. तो आधी पुरा करून या. जीव टांगून ठेवलात.”

चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “काय वाजवतोस तू?”

“कात्री.”

त्यावर चष्मेवाले जे हसले ते दुकान बंद करूनच थांबले. त्यांच्याकडे एक गिटार पडून होतं. पियानोच्या जोडीला मागे ताल आणि कॉर्ड धरून उभा राहील, असा माणूस ते कधीपासून शोधत होते. ‘कॉर्ड’ म्हणजे काय, तर तीन-चार सूर एकदम वाजवले की त्यांची जी जुडी होते ती, एवढं त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, “बाकीचं कळायची गरज नाही. मी ठिपके काढून देतो, तू ठिपक्यांवर बोटं ठेव.”

मास्तर आयुष्यभर दुसऱ्याने आखलेल्या ठिपक्यांवरून कापत आला होता. त्याला हे लगेच मानवलं.

दोन वर्षांत ते दोघं रविवारी दुपारी स्टेशनासमोरच्या हॉटेलात वाजवायला लागले. साडेबारा ते अडीच, लोकांच्या जेवणाच्या वेळी. चष्मेवाले हॉटेलच्या पियानोवर गाणं खेळवायचे, मास्तर मागे बसून गिटारवर कॉर्ड धरायचा. असे अकरा वर्षं रविवार गेले. मास्तरच्या आठवड्याला सहा दिवस होते आणि एक वार होता.

त्यातलं एक गाणं दर रविवारी पहिलं वाजायचं. जॅझवाल्यांचं जुनं गाणं ते, जॅझ वाजवणाऱ्या सगळ्यांना पाठ असलेलं. त्याचे शब्द दोघांनाही ठाऊक नव्हते. त्या गाण्याचा कागद चष्मेवाल्यांनी स्वतः आखला होता. बत्तीस चौकोन, प्रत्येक चौकोनात चार मात्रा. आठ-आठ चौकोनांच्या चार ओळी. पहिली, दुसरी आणि चौथी ओळ सारखी, तिसरी वेगळी. चौकोनात गिटारच्या सहा तारा आणि त्यांवर बोटांचे ठिपके. आणि काही ठिपक्यांखाली बारीक अक्षरात ‘मा’, काहींखाली ‘मे’, काहींखाली काहीच नाही.

‘मा’ म्हणजे माया, हे मास्तरने विचारलंसुद्धा नाही. विचारायचं काय त्यात? इतकी वर्षं पाट्यांवर तो स्वतः हेच लिहीत आला होता. जिथे माया सोडायची तिथे ‘मा’, आणि जिथे चौकड्याच्या रेघा एकमेकींना जुळवायच्या तिथे ‘मे’, म्हणजे मेळ. चष्मेवाल्यांना शिवणकामातली भाषा येते, याचं त्याला कौतुक वाटलं. ‘मा’ आला की तो कॉर्ड पुरा सोडायचा नाही. बोटभर जास्तीचा आवाज पुढच्या कॉर्डच्या आत दडपून द्यायचा. ‘मे’ आला की सगळ्या तारा एकदम, नीट जुळवून. आणि बिननावाचे कॉर्ड तो नुसते ओलांडून जायचा.

“तुझ्या हातात काहीतरी आहे बुवा,” चष्मेवाले कधीतरी म्हणत. “काय आहे ते मला अजून सापडलं नाही.”

मास्तर मान खाली घालून तारा पुसायचा. अशी वाक्यं त्याला वर्षभर पुरायची.

मग चष्मेवाल्यांचीच नजर गेली. एका डोळ्याची आधी, दुसऱ्याची मागोमाग. परदेशातली मुलगी आली, दुकान विकलं, दोन पेट्या भरल्या. निघायच्या सकाळी मास्तर गेला तेव्हा गाडी दारात उभीच होती.

“पियानो हॉटेलचाच आहे, तो काय हलत नाही,” चष्मेवाले म्हणाले. “तू जात राहा रविवारी.”

“एकटा जाऊन काय करू? मी अस्तर आहे, काका. नुसतं अस्तर घालून कोण हिंडतं?”

“मग कोट शिव,” म्हातारा म्हणाला, आणि मुलीने त्याचं डोकं हाताने वाकवून त्याला गाडीत बसवलं.

पाच रविवार पियानोचं झाकण बंद राहिलं. त्या पाच रविवारी मास्तरने काय केलं हे सांगण्यासारखं काही नाही, कारण त्याने काही केलंच नाही. एकदा साडेबारा वाजता तो हॉटेलच्या समोरच्या फुटपाथवरून गेला, आणि पुन्हा परत त्याच फुटपाथवरून आला. बोलायला तोंड उघडलं ते थेट सोमवारी सकाळी, कारखान्याच्या दारात, आणि तेव्हा आवाज घशात अडकून खरखरला. बटणं लावणारी बाई म्हणाली, “मास्तर, गंज चढलाय, तेल घाला.” तो हसला. पण खरं तर दचकला होता.

सहाव्या आठवड्यात हॉटेलच्या मॅनेजरबाईचा फोन आला. बाई तरुण होती, बोलायला साखर आणि ठरवायला सुरी.

“मास्तर, येत्या रविवारी या तुम्ही. एकट्याने जमतंय का बघू. तासभर वाजवा. जमलं तर दर रविवार तुमचा. नाही जमलं तर मी भिंतीला स्पीकर लावून घेते. वाईट वाटून घेऊ नका हं.”

“जमेल,” मास्तर म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला घाम फुटला.

कारण जमणार कसं? संध्याकाळी तो कागद पुढ्यात घेऊन बसला. कॉर्ड सगळे बोटांत होते, पण गाणं बोटांत नव्हतं. गाणं चष्मेवाले घेऊन गेले होते. कॉर्ड धरता धरता चालही वाजवायची, तर बोटं कमी पडत होती. चारही बोटं ठिपक्यांवर अडकलेली, चालीला एकही मोकळं नाही. ठिपके सोडले तर कॉर्ड मोडत होता. आणि मुळात या कॉर्डनंतर तोच कॉर्ड का येतो, हे कधी कळलंच नव्हतं. पाटीवर खुणा बघून कापत गेलेल्या माणसाला कुणी म्हणावं, आता पाटी नाही, तू कोट शिव, तसं झालं.

बुधवारी दुपारच्या सुट्टीत, कारखान्याच्या मागच्या जिन्यावर बसून त्याने चष्मेवाल्यांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

“काका, मला कागद समजावून सांगा. ठिपके नकोत. का ते सांगा.”

“अकरा वर्षांनी?” म्हातारा खुलला. “बरं, ऐक. कागदावर तीन-तीन कॉर्डांचे घोळके आहेत. पहिला म्हणजे घरून निघणं. दुसरा म्हणजे ओढ, पोचू-पोचू वाटतं पण पोचत नाही. तिसरा म्हणजे पोचणं. निघणं, ओढ, पोचणं. पहिल्या ओळीत हे एकदा होतं. पोचला म्हणून बसला, तर तीच जागा पुन्हा निघायची जागा होते. पुन्हा निघणं, ओढ, पोचणं, पण एक पायरी खाली. सगळं गाणं म्हणजे एवढंच आहे.”

“म्हणजे जिथे तुम्ही माया लिहिलीय, तिथून निघायचं.”

“काय लिहिलंय?”

“माया. ‘मा’ लिहिलंय ना तुम्ही खाली. माया ठेवायची म्हणून.”

मग म्हातारा असा हसत सुटला की मुलगी धावत आल्याचा आवाज आला. “काही नाही गं, काही नाही… मास्तर, अरे ‘मा’ म्हणजे मायनर! ‘मे’ म्हणजे मेजर! कॉर्डच्या जाती आहेत त्या! माया कसली, काय रे हा शिंपी… अकरा वर्षं तू…”

“अकरा वर्षं,” मास्तर म्हणाला.

“बाबा, औषध,” तिकडे मुलगी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

जिन्यावर मास्तर डबा न उघडताच बसून राहिला. चष्मेवाले मोकळ्या मनाने हसले होते, त्यात टोचणारं काही नव्हतं. पण त्याला ते हातभर आत लागलं. त्याच्या हातात काहीतरी आहे, असं जे म्हातारा म्हणायचा, ते म्हणजे ही चूक होती तर. एखाद्याने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घराला आपलं समजून कुलूप लावावं, तसं काहीसं. लोक कदाचित हसतही असतील. जेवणाऱ्या लोकांना काय कळणार म्हणा. पण चष्मेवाल्यांना तर कळत होतं! का बोलले नाहीत?

त्या संध्याकाळपासून त्याने गाणं शुद्ध करायला घेतलं. माया बंद. प्रत्येक कॉर्ड ठरल्या जागी धरायचा, मात्रा संपल्या की सगळी बोटं उचलायची, पुढचा धरायचा. काठोकाठ. एक धागा इकडे नाही की तिकडे नाही.

गुरुवारी ताई आली. ती पंधरा दिवसांतून एकदा यायची, भाऊ जगलाय की नाही ते बघायला आणि जगला असल्यास त्याला बोलायला. तिने टोपलीतलं सामान फळीवर लावलं, खिडकीची काच बोटाने तपासली, बोट त्याला दाखवलं.

“वाजव काहीतरी. नाहीतर तू नि मी एकमेकांची तोंडं बघत बसू.”

त्याने ते गाणं वाजवलं. ताई पाठमोरी होती, मध्येच वळली.

“काय रे, गाणं आजारी आहे का?”

“का?”

“मला काय कळतं त्यातलं. पण पूर्वी कसं एकातून एक निघायचं. आता तू जिना उतरतोयस आणि प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय जुळवून उभा राहतोयस. लहानपणी तू असाच उतरायचास, पडायची भीती वाटायची तुला.”

“हे बरोबर आहे, ताई. पूर्वीचं चुकीचं होतं.”

“असेल,” ताई म्हणाली. “पण मी पूर्वीच्यासाठी यायचे.” मग स्वतःच्या बोलण्याची लाज वाटल्यासारखी ती टोपली झटकायला लागली. “लग्न केलं असतंस तर एवढं बरोबर-चूक करायला वेळ मिळाला नसता.”

ती गेल्यावर खोली आणखी मोठी झाली. एरवी माणूस गेला की खोली होती तेवढीच राहते. एकटा राहणाऱ्याची तेवढी राहत नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. बायका गेल्या, मशीनं थंड झाली, मास्तर टेबलापाशी एकटा उरला. रविवार उद्यावर आला होता आणि कोट शिवून झाला नव्हता. त्याने तपकिरी कागदाचा एक लांब ताव टेबलावर उलगडला. त्याला जे येत होतं तेवढंच करायचं, असं त्याने ठरवलं. त्याला पाट्या करता येत होत्या.

गिटारच्या मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्यांमधल्या जागेला तो घर म्हणायचा. पहिलं घर, दुसरं घर, असं मोजत. त्याने पहिल्या कॉर्डची पाटी कापली. तारा आखल्या, बोटं जिथे पडतात तिथे भोकं पाडली. मग दुसऱ्या कॉर्डची. मग तिसऱ्याची. कोटाच्या पुढच्या आणि मागच्या भागाच्या पाट्या जशा एकावर एक ठेवून उजेडात धरतात, आणि कुठे कड जुळते, कुठे नाही ते बघतात, तशा त्याने त्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

बाहेरच्या तारांवरची भोकं इकडे-तिकडे पळत होती. पण मधल्या दोन तारांवर त्याची नजर अडकली.

पहिल्या कॉर्डमध्ये त्या दोन्ही तारांवरची बोटं पाचव्या घरात होती, शेजारी-शेजारी. दुसऱ्यात एक तिथेच होतं. दुसरं फक्त एक घर मागे आलं होतं. तिसऱ्यात ते मागे आलेलं तिथेच थांबलं होतं, आणि आता पहिलं एक घर मागे येऊन त्याच्या शेजारी बसलं होतं. एवढंच. निघणं, ओढ, पोचणं, सगळं या दोन बोटांत होतं. बाकीची भोकं नुसती झालर.

त्याने पुढचा घोळका कापला. दोन्ही बोटं तिसऱ्या घरात. मग एक मागे. मग दुसरं मागे. गाणं जिना उतरत होतं, पण एका वेळी एकच पाय उचलून. एक हलायचं तेव्हा दुसरं थांबायचं. थांबलेला सूर पहिल्या कॉर्डचा असायचा आणि दुसऱ्याचाही असायचा; दोन तुकड्यांच्या मधे, शिवणीच्या आत, दोन्हींच्या मालकीचा.

मास्तर पाट्या हातात धरून उभा राहिला. त्या सुराला काय म्हणायचं हे त्याला शिकवावं लागणार नव्हतं.

म्हणजे ‘मा’ म्हणजे मायनर, कबूल. पण या गाण्यात ज्या-ज्या कॉर्डखाली ‘मा’ होतं, त्या-त्या कॉर्डचा एक सूर पुढच्यात जिवंत राहात होता. अकरा वर्षं त्याने जो आवाज पुढच्या कॉर्डमध्ये दडपून दिला, तो नेमका तिथे राहायलाच हवा असलेला होता. अर्थ चुकला होता, हात चुकला नव्हता. चष्मेवाल्यांना जे सापडत नव्हतं, ते हे होतं. त्यांना पियानोवर मागचं काही ऐकायची सवड कुठली. ते पुढे धावत असायचे.

तिसरी ओळ मात्र निराळी निघाली. तिथे सगळे बिननावाचे कॉर्ड एकापाठोपाठ एक होते, आणि मधली दोन्ही बोटं दर वेळी एकदमच एकेक घर मागे सरकत होती. थांबणारं कुणी नव्हतंच. म्हणून त्या ओळीत त्याचा जीव नेहमी खालीवर व्हायचा! धरायला काही नसायचं तिथे. पण एवढं कळल्यावर ती ओळही भिववेना. दोघं मिळून सरकतात, मग चौथ्या ओळीच्या तोंडाशी येऊन पुन्हा पाचव्या घरात शेजारी-शेजारी बसतात.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती सर्वांत शेवटी. दोन बोटांत जर सगळं आहे, तर दोन बोटं मोकळी झाली. वरच्या तारांवर चाल वाजवायला दोन बोटं मोकळी!

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्याने आजूबाजूला बघितलं. वीस मशीनं कापडी झाकणं ओढून बसली होती. दाराशी बटणं लावणारी बाई विसरलेली छत्री घ्यायला परत आली होती, तिला त्याने हाक मारली.

“बाई, हे बघा. हे बोट हलतं तेव्हा हे थांबतं. मग हे थांबतं, ते हलतं.”

बाईने पाट्या बघितल्या, त्याच्याकडे बघितलं. “चांगलं आहे, मास्तर. ही बाही कुणाची?”

“बाही नाही.”

“कळलं,” ती समजुतीने म्हणाली. “जेवा वेळेवर,” आणि गेली.

चष्मेवाल्यांना त्याने फोन लावला. मुलीने उचलला, बाबा तपासणीला आत गेलेत, म्हणाली, काही निरोप आहे का? मास्तरने तोंड उघडलं. दोन बोटं, पाचवं घर, एक थांबतं… असा निरोप कसा देतात? “काही नाही,” तो म्हणाला. “सहज केला होता.”

मग घरी जाऊन त्याने गिटार काढलं आणि दिवसाचा उजेड असेपर्यंत वाजवत राहिला. चाल अडखळत होती, दोन मोकळी बोटं अजून नवशिकी होती. पण खाली मधल्या तारांवर ती दोघं न चुकता जिना उतरत होती, आणि ती उतरत असली की चाल कुठे ठेच लागून पडली तरी पडून राहात नव्हती.

रविवारी साडेबाराला तो हॉटेलात गेला. खुर्ची पियानोशेजारीच ठेवली होती, जुन्या जागी. मॅनेजरबाई हिशेबाच्या खिडकीशी उभी राहून, गिऱ्हाइकांकडे बघितल्यासारखं करत त्याच्याकडेच बघत होती. एका टेबलावर वाढदिवस होता, दुसऱ्यावर भांडण होतं, बाकी ठिकाणी काटे-चमचे.

त्याने तेच गाणं पहिलं घेतलं. पहिली ओळ. निघणं, ओढ, पोचणं. चालीतले दोन सूर त्याने गाळलेच. दुसरी ओळ त्यापेक्षा बरी. तिसरीत दोन्ही बोटं सरकायला लागली आणि नेमकी तेव्हाच वाढदिवसाच्या टेबलावर टाळ्या वाजल्या. चाल त्याच्या डोक्यातून पार निघून गेली. पूर्वी असं झालं असतं तर तो हात उचलून चष्मेवाल्यांच्या पाठीकडे बघत बसला असता. आता बघायला पाठ नव्हती. पण आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक होतं. दोन घरं मागे सरकलो, अजून एक राहिलं, मग पाचवं. चालीशिवायच तो तेवढं चालला, आणि चौथ्या ओळीच्या दारात चाल त्याला उभी सापडली.

गाणं एकदा पुरं झालं की ते पुन्हा पहिल्यापासून फिरायचं, आणि दुसऱ्या फेरीची पहिली ओळ नेहमी चष्मेवाल्यांची असायची. तिथे ते गाणं सोडून मनचं काही वाजवायचे, दर रविवारी वेगळं. मास्तरने तेव्हा मागे अगदी हलकं धरायचं, असा रिवाज होता. दुसरी फेरी आली आणि मास्तरचा हात सवयीने हलका झाला. चाल थांबली. मधल्या दोन तारा तेवढ्या वाजत राहिल्या. एक थांबला, एक हलला. एक थांबला, एक हलला. आठ चौकोन तो असा शेजारच्या बंद पियानोसाठी जागा धरून बसला. आपण काय करतोय हे त्याला तिसऱ्या चौकोनात कळलं. तरी त्याने ती जागा भरली नाही.

भांडणाच्या टेबलावरची बाई बोलता बोलता थांबली. कुणीतरी ताटात चमचा हळूच ठेवला.

आठ चौकोन संपले, दुसरी ओळ आली, आणि त्याने चाल पुन्हा हातात घेतली.

तासभर वाजवून झाल्यावर मॅनेजरबाई टॉवेलला हात पुसत आली.

“मास्तर, माझं मत विचाराल तर सुरुवातीला जरा घाबरलात तुम्ही.”

“घाबरलो.”

“पण ते मध्ये काय केलंत, एकदम कमी-कमी करून? मी गेली तीन वर्षं इथे आहे, ह्या हॉलमध्ये लोक कधी गप्प झालेले बघितले नाहीत. कुणाकडून शिकलात?”

ती जागा माझी नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते सांगायचं तर अकरा वर्षं सांगावी लागली असती, आणि बाईला तिकडे स्वयंपाकघरातून हाका येत होत्या.

“जमून गेलं,” तो म्हणाला.

“मग दर रविवारी तेवढं ठेवा. तेवढं नक्की ठेवा हं. स्पीकर नको मला.” जाता जाता ती वळली. “आणि जेवून जा. आज तुम्हाला खिडकीजवळचं छोटं टेबल लावलंय, मोठ्यावर एकटे कशाला बसता?”

छोट्या टेबलाला एकच खुर्ची होती. मास्तर तिच्यावर बसला. वाढणाऱ्याने सूप आणून ठेवलं, पाव ठेवला, पाणी ठेवलं. रविवार त्याचा झाला होता. पुढचा, त्याच्या पुढचा, बोटं चालतील तोवरचे सगळे. दर रविवारी दुसरी फेरी येईल, आणि ते आठ चौकोन त्याला रिकामे धरून बसावं लागेल, आणि लोकांना ते आवडेल. सूप गरम होतं. तो निवायची वाट बघत बसला. समोरच्या टेबलावरून उठून निघालेल्या म्हाताऱ्याने अंगात कोट चढवता चढवता त्याला विचारलं, “पुढच्या आठवड्यात आहात ना?”

“आहे,” मास्तर म्हणाला. “मी इथेच आहे.”